मला मुलगा आहे म्हणे

४ जानेवारी

चि. लिफ्टवाल्यास,
अनेक आशीर्वाद. कानउघाडणी राखून ठेवली आहे, ती खाली आहे.

काल दुकानात परगावच्या एक बाई आल्या. कोटाचं एक बटण हरवलं होतं, त्यांना तस्संच हवं होतं. मी डबे काढत होते आणि त्या पाटीवरचं आडनाव वाचत होत्या. म्हणाल्या, "आमच्या बिल्डिंगमध्ये याच आडनावाचा एक मुलगा आहे हो, लिफ्ट दुरुस्त करतो." मी म्हटलं, "तो माझा भाचा." त्यांनी बटण खाली ठेवलं, माझे दोन्ही हात धरले आणि ओरडल्या, "अगंबाई! म्हणजे तुम्हीच त्या दातवाल्याच्या आई!"

बाबा रे, मी आयुष्यभर बटणं विकली. लग्न केलं नाही, कारण करावंसं वाटलं नाही. आणि मूल व्हायला जे काही लागतं ते माझ्या दुकानात मिळत नाही. तरी मला एक मुलगा आहे म्हणे. नऊ वर्षं तुझ्याकडे राहतो म्हणे, दातांच्या कवळ्या बनवतो म्हणे, जिन्यात कुणी भेटलं की त्यांच्या पिशव्या उचलतो म्हणे. या तुमच्या पहिल्या मजल्यावरच्या काकू, बिल्डिंगच्या सेक्रेटरी, त्याचं इतकं कौतुक करत होत्या की मला भरूनच आलं.

आता तू विचारशील, मी काय केलं. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण म्हटलं, पोराने काहीतरी लबाडी केली असणार, आणि ती मी उघडी पाडली तर पुढे मजा कसली? मी म्हणाले, "हो, लहानपणापासूनच हातात कला." त्या म्हणाल्या, "आणि मिस्टर?" मुलगा आहे म्हटल्यावर मिस्टर ओघाने आलेच. मी म्हटलं, "जहाजावर होते." "होते?" "जहाज बुडालं." त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बटण काही जुळलं नाही, पण माझ्या दुःखात सहभागी म्हणून त्यांनी अर्धा डझन भलतीच बटणं घेतली.

थोडक्यात, एका दुपारी मला मुलगा झाला, नवरा झाला आणि मी विधवाही झाले. उलट टपाली कळव, हा कोण? आणि याचा वाढदिवस कधी असतो? आई म्हणून मला एवढं तरी ठाऊक असायला हवं.

तुझी,
आत्या

&nbsp;

११ जानेवारी

प्रिय आत्या,
नमस्कार. पत्र वाचताना हातातला पाना पायावर पडला. अंगठा सुजला आहे, म्हणजे शिक्षा झाली असं समज.

सांगतो. या बिल्डिंगचा नियम आहे, एका घरात फक्त कुटुंबातली माणसं राहायची. आम्ही जागा बघायला आलो तेव्हा काकूंनी उंबऱ्यातच अडवलं. "हे कोण? नातं काय?" मला काही सुचेना. सख्खा भाऊ म्हणावं तर तो ताडमाड आणि मी हा असा. चुलतभाऊ म्हणावं तर काका चार गल्ल्या पलीकडे, कधीही टपकणार. राहिलीस तू. लांब राहतेस, दुकान सोडून कुठे जात नाहीस. म्हणून तोंडातून 'आतेभाऊ' निघून गेलं. आठवडाभराची थाप होती. नऊ वर्षं टिकली, याला मी काय करू?

मित्र आहे गं. एकट्याला एवढी जागा काय करायची, म्हणून एकत्र राहतो. बस्स. काकूंना मी हळूहळू काहीतरी सांगून हे मिटवतो. तू फक्त आणखी कुणाला मारू नकोस.

तुझा,
भाचा

ता. क. आमच्या गादीची बटणं तुटली आहेत, सगळा कापूस एका कोपऱ्यात गोळा होतो. पाठवशील? चाळीसेक लागतील.

&nbsp;

१७ जानेवारी

चि. लिफ्टवाल्यास,
आशीर्वाद.

चाळीस? एका माणसाच्या गादीला वीस बटणं लागतात. फार लोळणारा असेल तर चोवीस. चाळीस लागतात ती दोघांच्या गादीला. आता तू म्हणशील, दोन गाद्या आहेत. मग 'आमच्या गाद्यांची' असं लिहिलं असतंस. तू गणितात गटांगळ्या खाल्ल्यास, पण व्याकरणात कधी नापास झाला नाहीस.

मी बटणवाली आहे, बावळट नाही.

आणि रागावलेलीही नाही. राग आलाच असेल तर त्या 'बस्स'चा आला. नऊ वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाबद्दल 'मित्र आहे गं, बस्स'! तुझ्याबद्दल कुणी असं लिहिलं असतं तर मी त्याची बटणं तोडली असती. तुझे आईबाप गेल्यापासून तुझं सगळं मीच पाहिलं, मग तुला माझ्यापासून लपवायला शिकवलं कुणी? मी तर नाही.

चाळीस बटणं पाठवते आहे, दोन जास्तीची. दोरा मेणाचाच घ्या. आणि आता खरं लिही.

आत्या

&nbsp;

२६ जानेवारी

प्रिय आत्या,

खरं लिहायला बसलो की पेन अडतं, म्हणून एका दमात लिहितो. तो माझा माणूस आहे. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या प्रयोगशाळेच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली आणि आत तो होता, हातात कुणाच्या तरी कवळीचा साचा. मी वरून झाकण उघडलं तर हा मला म्हणाला, "घाई नाही, पण ज्यांचे दात आहेत त्यांचं आज जेवण आहे." तिथेच संपलं माझं.

ते 'बस्स' त्याने वाचलं होतं. पाकीट चिकटवायला त्याच्याकडेच दिलं होतं मी, गाढवासारखं. दोन दिवस माझ्याशी 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलला. तुझं पत्र आलं ते त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. 'बटणं तोडली असती' या वाक्याला तो हसला, आणि मग बराच वेळ नाक शिंकरत बसला.

तुला एक सांगायचं आहे. दोन पुरुषांना, दोन बायकांना रीतसर लग्न करता यावं असा कायदा सभागृहात आला आहे, एप्रिलमध्ये मतदान आहे. कामावर रोज वाद चालतात. एक जण म्हणाला, "हे लोक राहतात ना सुखाने? कोण अडवतंय? मग लग्नाचा हट्ट कशाला?" आत्या, दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकते ना, तेव्हा आत दिवा असतो, पंखाही चालू असतो. बाहेरचे म्हणतात, हवा येते ना, मग ओरडताय कशाला? इतकी वर्षं मी लोकांना बाहेर काढतोय. आजवर एकही जण मला म्हणाला नाही, राहू दे, इथली हवा छान आहे. आम्हाला हवा नकोय. आम्हाला आमच्या मजल्यावर उतरायचंय.

काकूंनी विचारलं, नातं काय, तेव्हा मी खोटं बोललो कारण खऱ्याला शब्दच नव्हता. कायदा झाला तर मला ते एकदा खरं सांगायचं आहे. एवढंच हवं आहे मला.

त्याला स्वतःची आई आहे. दुसऱ्या गावी असते. आमचं कळल्यापासून ती त्याला लिहीत नाही. तो दर महिन्याला लिहितो.

तुझा,
गाढव

&nbsp;

२ फेब्रुवारी

(वर काय लिहायचं ते सुचेना, म्हणून एक ओळ सोडली आहे. तुम्हाला योग्य वाटेल ते भरून घ्यावं.)

सादर नमस्कार.

मी तुमचा मुलगा. म्हणजे तसा नाही, पण हल्ली आहे.

पत्रास कारण की, माझ्या वडिलांबद्दल आपल्या दोघांत एकवाक्यता नाही. काकू परवा जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "बाबा जहाजावर होते हे कधी बोलला नाहीस रे!" आता मी फार पूर्वी त्यांना सांगून बसलो होतो की वडील शाळेत मास्तर होते. (ते खरंच होते.) मी म्हटलं, "हो, जहाजावरच्या शाळेत." त्यांनी एक क्षण विचार केला आणि म्हणाल्या, "बरोबर, तिथेही पोरं असणारच." तरी बाबा काय शिकवायचे, कुठे बुडाले आणि तेव्हा मी केवढा होतो, हे कृपया ठरवून कळवावं. त्या पुन्हा विचारणार आहेत. त्यांचा चेहरा मी ओळखतो.

तुमच्या पहिल्या पत्रात 'याचा वाढदिवस कधी असतो' असं एक वाक्य आहे. त्याने ते थट्टेत वाचून दाखवलं. मी नंतर ते एकट्याने पुन्हा वाचलं. सात सप्टेंबर.

तुम्हाला कवळी लागत असेल तर संकोच करू नये. घरचंच काम आहे.

आपला,
दातवाला

&nbsp;

८ फेब्रुवारी

चि. मुलास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वरची ओळ मी भरली. तू मला काय लिहायचं ते तुझं तू ठरव, घाई नाही.

तुझे बाबा भूगोल शिकवायचे. जहाजावर भूगोल शिकवायला सोपं जातं, खिडकीतून दाखवता येतो. बुडाले ते मात्र भूगोलात कच्चे म्हणून नाही, कप्तान कच्चा होता. तू तेव्हा माझ्या कडेवर होतास. पुढचं विचारलंच तर डोळे मिटून घे, बायका आपोआप गप्प होतात.

माझे सगळे दात माझेच आहेत. पण आईला काही द्यायचंच असेल तर एक कर. ते गाढव माझ्या पत्रांना उत्तर द्यायला उशीर करतं, त्याच्यावर लक्ष ठेव.

दुकानात मी कायद्याच्या बाजूची पाटी लावली आहे. एक गृहस्थ बायकोबरोबर आले आणि चढ्या आवाजात म्हणाले, "अशाने लग्नसंस्था मोडेल." मी म्हटलं, "दुसऱ्याने कोटाला बटण लावलं म्हणून तुमच्या कोटाचं निघत असेल, तर दोष तुमच्या दोऱ्यात आहे." ते गेले. बायको मागे राहिली आणि दोरा घेऊन गेली.

मतदानाच्या दिवशी मी तिकडे येते. इतक्या वर्षांनी दुकान बंद ठेवणार आहे. मुलाला बघायला आईने यायला नको?

तुझी तूर्तास आई

&nbsp;

३ मे

प्रिय आत्या,
नमस्कार. हसू की रडू ते कळत नाही. तो आळीपाळीने दोन्ही करतो आहे.

तू होतीस तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. रेडिओवर 'कायदा मंजूर' म्हटलं आणि तू खुर्चीवरून अशी उठलीस की चहा माझ्या अंगावर. रस्त्यावर माणसं नाचत होती, काकू गच्चीवरून टाळ्या वाजवत होत्या. होय, काकू! त्यांनी कायद्याच्या बाजूने सह्या गोळा केल्या होत्या. मला वाटलं, झालं, सुटलो.

सुटलो कुठले? तू मुक्कामात त्यांच्याकडे रोज दुपारी जात होतीस. आम्हाला म्हणालीस, विणकाम शिकतेय. तू तिथे बसून त्याच्या जन्माची गोष्ट सांगत होतीस! तेरा तास कळा, बाहेर वादळ, सुईण वाटेत अडकलेली. काकूंना ती तोंडपाठ आहे.

आम्ही नोंदणी कचेरीत नोटीस दिली. ती महिनाभर फळ्यावर राहते, कुणाची हरकत असेल तर त्याने नोंदवायची. काल काकूंनी नोंदवली. शब्दशः सांगतो: "दोन पुरुषांच्या लग्नाला माझा मनापासून पाठिंबा आहे. परंतु हे दोघे भाऊ आहेत."

मी कचेरीत धावलो. अधिकारी सज्जन आहे, पण यादीबाहेर जात नाही. यादीत लिहिलं आहे, भावाशी लग्न नाही. मी म्हटलं, आतेभाऊ. तो म्हणाला, "शेवटी भाऊच आलं ना? आतेभाऊ वगळून असं लिहिलेलं नाही." मी म्हटलं, अहो, तो आतेभाऊही नाही, ती थाप होती. जन्मदाखला दाखवला, त्यावर त्याच्या आईचं नाव आहे. तर काकू म्हणाल्या, "दाखल्यात काहीही लिहितात. मला त्या माउलीने तेरा तासांच्या कळा स्वतः सांगितल्या आहेत." अधिकारी म्हणतो, ज्यांचा मुलगा म्हणतात त्या बाईंनी समक्ष येऊन शपथेवर सांगावं, नाहीतर नोटीस रद्द.

नऊ वर्षांपूर्वी लग्नाचा हक्क नव्हता म्हणून भाऊ झालो. आता हक्क मिळाला, तर भाऊ म्हणून लग्न होत नाही. आत्या, तूच बुडवलंस, आता तूच काढ.

तुझा,
भाचा

&nbsp;

७ मे

सौ. काकूंस,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र बसून वाचा. दातवाला माझा मुलगा नाही. मला मूल झालेलं नाही. वादळ, सुईण, तेरा तास, सगळं मी रचलं, कारण तुम्ही फार छान ऐकता. तुमच्या नियमामुळे भाच्याने एक थाप मारली आणि मी तिला झालर लावली. झालर लावायचा आमचा धंदाच आहे.

दोष माझा आहे, पोरांचा नाही. ती दोघं भाऊ नाहीत, कधीच नव्हती. नऊ वर्षं ती एकमेकांची आहेत आणि आता कायदा त्यांना तसं म्हणू देतो आहे. तुम्ही त्या कायद्यासाठी सह्या जमवल्यात. कृपा करून ती हरकत मागे घ्या.

आपली,
बटणवाली

&nbsp;

१२ मे

अहो बाई,

नमस्कार लिहायची इच्छा नाही, पण लिहिते.

तुमचं पत्र वाचून माझा संताप संताप झाला. मी तुम्हाला ओळखलं नव्हतं! मुलगा पुरुषाशी लग्न करतो म्हटल्यावर 'माझा मुलगाच नाही' म्हणायला तुमची जीभ धजावली कशी? तेरा तास कळा सोसल्यात, वादळात जन्म दिलात, त्याच्या बापाने जलसमाधी घेतली तरी एकटीने वाढवलात, आणि आता लोक काय म्हणतील म्हणून पोटच्या गोळ्याला झटकून टाकताय? कायदा बदलला, तुम्ही कधी बदलणार? मी वयाने तुमच्याएवढीच आहे, मला जमलं. लग्न म्हणजे काय मेहेरबानी आहे, आईच्या मर्जीने द्यायची? हक्क आहे तो त्याचा! तुम्हाला आवडो न आवडो!

तुम्ही टाकलंत तर टाकलंत. मी आहे त्याच्या मागे. आजच जाऊन हरकत मागे घेतली. मी रात्रभर विचार केला. आते-मामे भावंडांचं तर आपल्याकडे पूर्वापार चालतंच. मावसभाऊ असते तर गोष्ट वेगळी होती. अधिकाऱ्याला मी हे खडसावून सांगितलं. तो म्हणाला, हरकत काढली तरी ती कागदावर आली आहे, त्या बाईंना शपथ घ्यायला यावंच लागेल.

तेव्हा या, आणि त्या मुलाच्या डोळ्यांत बघून सांगा की तो तुमचा नाही. मी समोरच बसणार आहे.

काकू

&nbsp;

१५ मे

चि. लिफ्टवाल्यास,

काकूंचं पत्र सोबत आहे, जपून ठेव. इतकी सुंदर शिवी मला आजवर कुणी दिली नव्हती. खरं सांगितलं तर ती खोटं समजली, आणि खोटं समजून बरोबर वागली. मला त्या बाईचा पापाच घ्यावासा वाटतो.

आणि देवाचे आभार मान, मी तुझी मावशी नाही.

शपथेला येते. त्याला सांग, मी जे बोलेन ते कायद्यासाठी आहे, ते मनावर घ्यायचं नाही.

आत्या

&nbsp;

९ जून

(ही ओळ या खेपेला मलाच सुचली नाही.)

नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमचा मुलगा पाच महिने वापरला, तुम्हाला न विचारता. जपून वापरला. आता परत करते आहे, म्हणून हे पत्र.

कसा वापरला ते सविस्तर लिहिते, कारण दुसऱ्याकडून कळेल तर तुम्ही मला वेडी समजाल. माझा भाचा आणि तुमचा मुलगा यांचं गेल्या गुरुवारी लग्न झालं. बिल्डिंगमध्ये राहता यावं म्हणून ते आतेभाऊ झाले होते, म्हणजे तुमचा मुलगा माझा झाला होता. मला गंमत वाटली. मी त्याचा वाढदिवस विचारून घेतला. त्याला एक बाप दिला, तो बुडवला. त्याच्या जन्माच्या तेरा तास कळा मी एका शेजारणीकडे बसून अशा सांगितल्या की आम्ही दोघी रडलो. मग त्याच कळा लग्नाच्या आड आल्या आणि मला कचेरीत उभं राहून शपथेवर सांगावं लागलं, "मला अपत्य नाही. कधीच नव्हतं."

बाई, ते शंभर टक्के खरं होतं. पण बोलताना माझा आवाज फाटला. तो समोर उभा होता आणि मला हळूच मान हलवून सांगत होता, ठीक आहे, ठीक आहे.

शेजारीण पेटूनच आली होती. शपथ ऐकून तिने विचारलं, "म्हणजे खरंच नाही?" मी म्हटलं, "नाही." "आणि जहाज?" "तेही नाही." तिने पर्स मांडीवर घेतली. मग पोरांकडे वळून म्हणाली, "म्हणजे नऊ वर्षं तुम्ही नियम मोडलात!" माझ्या भाच्याचा चेहरा पडला. तिने पर्समधून रुमाल काढला, नाक पुसलं आणि म्हणाली, "आता पटापट सह्या करा आणि नियमात या. कुटुंबातली माणसं."

मला साक्षीदार म्हणून सही करायची होती. अधिकाऱ्याने विचारलं, "नातं काय?" भाच्याची आत्या, ते झालं. "आणि यांचं?" तुमच्या मुलाकडे बोट करून तो पेन धरून बसला. नऊ वर्षांपूर्वी याच प्रश्नाला माझा भाचा गडबडला होता. मीही गडबडले. आई म्हणावं तर आत्ताच शपथ घेतलेली. मी म्हटलं, "जरा थांबा. आधी त्यांना सह्या करू द्या." त्यांनी केल्या. आधी माझ्या गाढवाने, मग तुमच्या मुलाने, त्याचं अक्षर फार वळणदार आहे. शाई वाळली. मग मी सांगितलं, "आतेसासू." अधिकाऱ्याने लिहून घेतलं. त्या शब्दाला कुणी हसलं नाही, कुणी खोटं म्हटलं नाही, कुणी पुरावा मागितला नाही. एवढ्याशा शब्दासाठी लोक रस्त्यावर का उतरतात ते मला तेव्हा कळलं.

आता मुद्द्याचं. कचेरीत त्याच्या बाजूला पहिली खुर्ची होती. शेजारीण बसायला गेली, त्याने नम्रपणे नाही म्हटलं. मी गेले, मलाही नाही म्हटलं. ती शेवटपर्यंत रिकामी राहिली.  पण ती कुणाची होती ते सगळ्यांना कळलं.

मी तुम्हाला उपदेश करणार नाही, मला मूल नाही, हे मी शपथेवर सांगितलं आहे. फक्त फोटो पाठवते. उंच तो तुमचा. बुटका आमचा.

आपली,
आता कोण ते तुम्हीच ठरवा

&nbsp;

२१ जून

विहीणबाईंस,

पत्र आणि फोटो पोचले.

तेरा तास नव्हे, एकोणीस. वादळबिदळ काही नव्हतं, कडक ऊन होतं, आणि सुईण वेळेवर आली होती. यापुढे माझ्या मुलाबद्दल कुणाला सांगाल तर नीट सांगा.

त्याची पत्रं मी सगळी वाचली आहेत. काय उत्तर द्यावं ते सुचत नव्हतं. ते राहू दे. पुढच्या आठवड्यात मी तिकडे येणार आहे, त्याला मी वेगळं लिहिते.

फोटो भिंगाखाली धरून पाहिला. जावयाच्या कोटाचं वरून तिसरं बटण वेगळं आहे. बटणवालीच्या घरचा मुलगा आणि लग्नात हे असं? मी येईपर्यंत बदलून ठेवा. लोक आम्हाला नावं ठेवतील.

त्याची आई